कमरेभर पाण्यात जेवणारे बापू

माझी शाळा चौथीला सुटली. अक्षर कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मास्तरांनी शिकवलं तेव्हा बहुतेक मी घरी धाकट्या भावाला खेळवत होते. चुकेल ते वाचणाराने सुधारून घ्यावं. चारचौघांत मला बोलायला जमत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्या शेजारी बापू रेगे राहत. त्यांना काहीही विचारलं की ते आधी उजव्या हाताचं बोट तोंडात घालून ओलं करत, दारात येऊन ते उंच धरत, आणि म्हणत, "वाऱ्याला विचारून सांगतो." वाटीभर साखर मागितली तरी हेच, सत्यनारायणाला बोलावलं तरी हेच. एकदा घरमालक भाडं मागायला आले. बापूंनी बोट वर धरलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "आज मतलई सुटली आहे. म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा. मतलईत पैसे बाहेर काढू नयेत, परत येत नाहीत."

"मग मी येऊ कधी?" घरमालकांनी विचारलं.

बापूंनी पुन्हा बोट तोंडात घातलं.

अंधेरीला आमची कौलारू वाडी होती. मधे विहीर, भोवती सात-आठ बिऱ्हाडं. बापूंची खोली आमच्या भिंतीला लागून. त्यांची बायको कधीच वारली होती. एकुलती मुलगी सुमन, ती दूर कोकणात बाणकोटला दिलेली. तिचं लग्न झाल्यावर मी या वाडीत नांदायला आले, त्यामुळे तिला मी पाहिलेलं नव्हतं.

बापूंचा जन्म गोदीतल्या एका कचेरीत गेला. कोणती बोट आली, कोणती गेली, ते लिहून ठेवायचं काम. एवढ्या बोटींची नावं लिहिली पण स्वतः एकीवरही चढले नाहीत. नोकरी संपली आणि पुढच्याच महिन्यात ते वर्सोव्याला गेले ते शिडाची होडी विकत घेऊनच आले. वाडीतल्या बायकांनी कपाळाला हात लावले.

"म्हातारपणी माणसं काशीला जातात," समोरच्या गोदूमावशी म्हणाल्या. "ह्यांना होडी सुचली! बुडाला म्हातारा तर तेरावं कोण करणार?"

"मावशी, मी बुडालो तर तुम्हाला लाडू चुकणार नाहीत," बापू म्हणाले. "तशी सोय करून ठेवतो."

त्यांना गाठींचा नाद होता. हातात सतत सुंभाचा तुकडा. बोलता बोलता त्याची गाठ होई आणि बोलता बोलता सुटे. गोदूमावशींची कपडे वाळत घालायची दोरी सैल झाली, ती बापूंनी हौसेने बांधून दिली. पुढे ती सोडायची वेळ आली तेव्हा वाडीतले चार पुरुष घाम गाळून हरले. शेवटी मावशींनी कोयता मारला. बापूंनी दोन दिवस अबोला धरला. "गाठ तोडत नाहीत मावशी," ते नंतर म्हणाले. "गाठीला समजावायचं असतं."

माझं आणि बापूंचं चांगलं जमे, कारण मला बोलायचं नसे आणि त्यांना ऐकणारं माणूस हवं असे. माझ्याकडे हाताने फिरवायचं शिवणाचं मशीन होतं. शीड कुठे उसवलं की बापू ते माझ्या ओटीवर आणून टाकत आणि बाजूला बसून मला वारे समजावत. त्या शिडाला सुक्या बोंबलाचा असा वास असे, की आमचे हे गिरणीतून आले की दारातूनच खूश होऊन विचारत, "आज बोंबील का गं?" आणि ताटात दुधी बघून रुसून बसत.

बापू होडी घेऊन निघाले की पंधरा-पंधरा दिवस येत नसत. मांडवा, रेवदंडा, मुरूड, दिघी, करत करत खाली बाणकोटपर्यंत. सोबत लक्ष्मण नावाचा वर्सोव्याचा कोळी. समुद्र त्याला ठाऊक, पण बोलणं तो खर्च करत नसे. आगबोटीने जे एका रात्रीत होतं त्याला बापूंना चार-पाच दिवस लागत. आणि होडीत ते सामान काय भरत! पाटा-वरवंटा, डब्यात लावलेली तुळस, भिंतीवरचा आरसा, बसायचा पाट, जुन्या लुगड्यांची गोधडी.

"अहो बापू, पाटा कशाला?" मावशी विचारत.

"होडीला तळाशी वजन लागतं."

"आणि आरसा? तोही वजनाला?"

"वाऱ्याला विचारून सांगतो," म्हणत बापू बोट ओलं करत.

आता हिराबाईबद्दल सांगते. हिराबाई वर्सोव्याची कोळीण, लक्ष्मणची वहिनी. मासळीची पाटी घेऊन आमच्या वाडीत यायची. होडी तिच्या नवऱ्याची. तो वारल्यावर ती किनाऱ्यावर नुसती वाळत पडली होती, म्हणून तिने बापूंना विकली, दर पुनवेला थोडे थोडे पैसे द्यायच्या बोलीवर. पुनव आली की वाडीला पंचांग बघायची गरज पडत नसे.

"ए बापू! कुटं लपलास? भायेर ये!"

"हिराबाई, जरा वाऱ्याला विचा..."

"वाऱ्याला काय इचारतंस? मना इचार! माज्या दाल्ल्याची होरी हाय ती, वाऱ्याच्या बापाची नाय!"

मग बापू असतील ते पैसे देत. पूर्ण कधीच नसत. हिराबाई त्यांच्या सात पिढ्या काढी आणि जाताना दोन मासे त्यांच्या ताटलीत आपटी. "घे. उपाशी मेलास तर माजं पैसं कोन देल?"

अशी तीन वर्षं गेली. मग त्या वर्षी वादळात होडीची डोलकाठी मोडली, नवीन घालण्यात बापूंचे पैसे गेले आणि चार पुनवा कोरड्या गेल्या. इकडे हिराबाईच्या मुलाला नवीन जाळी घ्यायची होती. तिने निकाल सांगून टाकला. "शिमग्यापर्यंत बाकीचं समदं दे. नायतर होरी माज्या भावाला देनार. तो रोख देतो."

त्या दिवशी बापूंनी बोट ओलं केलं नाही. नुसते खोलीत जाऊन बसले. एका होडीसाठी माणूस इतका का उतरून जातो ते मला कळेना.

माघात माझ्या भावाचं लग्न निघालं. माझं माहेर वेळासला, बाणकोटच्या अगदी शेजारी. बापू म्हणाले, "पोरी, चल होडीने. आता शिमग्यापर्यंतच आहे." आमचे हे फुकट म्हटल्यावर लगेच तयार झाले.

हे मांडव्यापर्यंत छान होते, म्हणजे पहिला अर्धा दिवस. मग ते होडीच्या कडेला मान टाकून पडले ते शेवटपर्यंत. मांडव्याला एक पोलीस शिपाई आला. दारूबंदीचे दिवस, त्याला वाटलं खाडीतून हातभट्टीचा माल चालला आहे. गोधडीखाली काहीतरी जड आहे म्हणून त्याने मिशीवरून हात फिरवत ती उचलली, तर पाटा-वरवंटा. डबा उघडायला गेला, तर तुळस. त्याने माझ्याकडे पाहिलं, ओकणाऱ्या ह्यांच्याकडे पाहिलं, आणि ह्यांच्याच तोंडाचा वास घेतला. बापू म्हणाले, "हवालदार, तो माणूस न पिताच तसा आहे."

ते दिवस माझ्या मनातून जात नाहीत. पहाटे मतलई सुटली की निघायचं. किनारा डाव्या हाताला ठेवून जायचं. दुपारी समुद्राकडचा वारा आला की एखादी खाडी बघून आत वळायचं. रेवदंड्याला किल्ल्याच्या तटाखाली राहिलो. दिघीला डोंगराच्या कुशीत पाणी असं होतं, की मी वाकून बघितलं तर माझं कुंकूसुद्धा दिसलं. बापू धक्क्याला कधी होडी लावत नसत. "धक्क्याला लावली की होडी नोकरीला गेल्यासारखी दिसते," म्हणत. चुलीवर भात शिजे, लक्ष्मण गळाला लागलेला मासा भाजी, आणि बापू कुठल्या खाडीचं पाणी कुठे गोडं होतं ते सांगत बसत. मी एरवी वाडीच्या विहिरीवरसुद्धा पदर सावरत जाणारी. तिथे पाण्यात पाय सोडून बसले होते.

बाणकोटच्या खाडीत शिरलो तशी बापूंची बडबड बंद झाली. गाव टाकून ते थोडं आत गेले, एका सुपारीच्या वाडीसमोर नांगर टाकला. किनारा हाकेवर. आमचे हे जमिनीला पाय लागताच पायीच वेळासला निघाले. "परत मी आगबोटीने जाईन, नाहीतर पोहत जाईन!" मीही निघाले होते, पण बापू म्हणाले, "पोरी, एक दिवस थांब. सुमनला सोबत बाईमाणूस नाही."

मग त्यांनी होडी झाडली. तुळस मागच्या बाजूला ठेवली, आरसा डोलकाठीला बांधला, पाट मांडला. दाढी केली, कोट चढवला, काळी टोपी घातली आणि गुडघाभर पाण्यातून मला घेऊन किनाऱ्यावर गेले.

समोरचं घर सुमनच्या सासरचं. तिच्या सासूबाई ओटीवर सुपाऱ्या सोलत होत्या.

"या व्याही. निदान गूळपाणी तरी घ्या या वेळी."

"नको विहीणबाई. आमच्याकडे चालत नाही."

हे आमच्याकडचं जुनं आहे. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. सुमनला आठ वर्षांत मूल नव्हतं. कितीतरी बाप या कारणाने लेकीकडे जातच नाहीत. जाऊन तहानलेलं बसायचं कसं?

"सुमनला दोन दिवस माहेरी नेतो म्हणतो," बापू म्हणाले.

सासूबाईंनी उसासा टाकला. हे दर खेपेचं असावं. "मुंबईला पाठवायची नाही हे आधीच सांगितलंय. तिथे आई ना कोण. आमच्या सुपाऱ्या पडून राहतात."

"मुंबईला कशाला? हे काय माहेर. तुमच्या ओटीवरून दिसतंय."

"न्या बाई. पण हाक मारली की ऐकू येईल एवढ्यावरच ठेवा."

सुमन आतून आली. उंच, वाळलेली, हातांना सुपारीचे डाग. तिने पदर खोचला आणि बापाच्या आधी पाण्यात शिरली.

होडीत चढल्यावर तिने एकेका वस्तूवरून हात फिरवला. पाटा तिच्या आईचा. गोधडीतली लुगडी आईची. मग ती गोधडी अंगावर ओढून आडवी झाली आणि भर सकाळी झोपली. दुपारपर्यंत हललीसुद्धा नाही. बापूंनी शिडाचा तुकडा ताणून तिच्या तोंडावरचं ऊन अडवलं आणि स्वतः उन्हात बसून पाट्यावर खोबरं वाटत राहिले. वरवंट्याचा आवाज होऊ नये म्हणून इतके हळू, की वाटणाला तास लागला.

"तिकडे तिला दिवसा पाठ टेकायला मिळत नाही," ते मला हळूच म्हणाले. "माहेरी आलेली पोर झोपते. तिची आई म्हणायची, झोपू दे तिला."

दुपारी सुमन उठली तेव्हा त्यांनी माझ्या हातात तेलाची वाटी दिली. "हे मला जमत नाही. दर वेळी वेणी घालतो, आणि मग तिला आठवडाभर सुटत नाही."

सुमन पोटभर हसली. "वहिनी, एकदा सासूबाईंना वेणी कात्रीने कापायची होती! शेवटी लक्ष्मणमामा गावात होते म्हणून केस वाचले."

मी तिच्या केसांना तेल लावत होते तेव्हा लक्ष्मणने चार दिवसांतलं पहिलं वाक्य उच्चारलं. "शिमग्याला होरी जानार. हिरावैनी ऐकनार नाय."

बापूंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उठून नांगर बघायला गेला. सुमनने विचारलं, बापू म्हणाले, "काही नाही गं, वाऱ्याला विचारून..." पण तिने माझ्याकडे वळून पाहिलं, आणि मला खोटं बोलता येत नाही. मी सगळं सांगितलं.

निरोपाच्या वेळी तिने मला घरामागे नेलं आणि एक गाठोडं हातात दिलं. घरच्या सुपाऱ्या ती फुकट सोले, पण दुपारी शेजारच्या दोन घरच्याही सोलून देई, त्याची मजुरी. आठ वर्षांची. "बापू माझ्या हातून घेणार नाहीत. तुम्ही थेट त्या कोळणीला द्या. होडी गेली तर मला माहेर कुठलं, वहिनी?"

शिमग्याच्या पुनवेला हिराबाई आली तेव्हा मी तिला माझ्या ओटीवर बोलावून पैसे दिले. सुमनचं आहे, असं सांगितलं. गप्प राहा म्हणायचं मला सुचेपर्यंत ती अंगणाच्या मधोमध पोचली होती.

"ए बापू! भायेर ये! सुटलास रं! तुज्या लेकीनी फेडलं समदं!"

बापू दारात आले. बोट तोंडात होतं, ते तसंच राहिलं.

"परत कर," ते म्हणाले. आवाज चढवलेला मी पहिल्यांदा ऐकला. "लेकीचा पैसा मी घेत नाही. तिच्या घरचं पाणी नाही घेत, हिराबाई!"

"मंग पानी नको घेऊ, होरी घे! मी इकली, मना पैसं मिलालं. मी काय तुजी लेक हाय? आता जाल्यात जानार ते पैसं."

ती दोन पापलेटं ताटलीत आपटून निघून गेली. बापू ओटीवर बसले. बराच वेळ हातातल्या सुंभाला गाठ पडली नाही. मग ते म्हणाले, "म्हणजे होडीत आता सुमनचा पैसा आहे. म्हणजे ते सुमनचं घर झालं."

"झालं तर झालं!" गोदूमावशी म्हणाल्या. "बरंच झालं की!"

"बरं कसं? लेकीच्या घरी मी जेवत नाही."

"अहो, मग काय होडीत उपाशी बसणार?"

आम्हाला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, जाईल. पुढच्या खेपेहून आल्यावर लक्ष्मण वाडीत आला आणि एवढं बोलला, की त्याचं वर्षाचं बोलणं संपलं असेल.

"म्हातारा येडा झालाय. नांगर टाकला का पान्यात उतरतो. कमरेभर पान्यात उबा ऱ्हातो, ताट होरीच्या काठावर, नि तसा जेवतो. मी इचारलं, बापू ह्ये काय? तर बोलतो, समिंदर काय कोनाच्या लेकीचा नाय. मासं पायाला चावतात, तरी भात खातो. लाट आली का भातान खारं पानी. तरी खातो."

"आणि बाणकोटला?" मी विचारलं.

"थितंबी तसाच. पोर वर एकली जेवते. नि रडते. बोलते, वर या ना. तर हा बोलतो, फिटल्यावर येतो."

मावशींनी डोळ्याला पदर लावला आणि मग बापूंच्या नावाने बोटं मोडली.

त्या वर्षीपासून बापूंची होडी रिकामी येईना. खाडीखाडीतून नारळ, सुपारी, कोकम घेऊन येत आणि अंधेरीला विकत. तंबाखू सोडली. मावशी तोंडाने शिव्या देत पण घरोघर फिरून त्यांचं कोकम खपवत. "घ्या हो, नाहीतर त्या म्हाताऱ्याला सर्दी होऊन मरण येईल!" मीही शीड शिवल्याचे पैसे घेतले नाहीत, म्हणजे पूर्वीही घेत नव्हतेच. जमलेले पैसे बापू दर खेपेला सुमनला देत. ती आधी हातच लावेना. "तुम्हाला दिलेलं मी परत घेणार नाही." बापू म्हणाले, "मग जन्मभर पाण्यात जेवतो." तेव्हा तिने घेतले.

मधे एक पावसाळा गेला. पुढच्या फाल्गुनात माझ्या आईचं दुखणं निघालं म्हणून मी पुन्हा बापूंच्या होडीने निघाले. ह्यांनी वर्सोव्याच्या किनाऱ्यापर्यंतच सोबत केली. लक्ष्मणने सांगितलेलं सगळं मी वाटेत डोळ्यांनी पाहिलं. मांडव्याला जेवले ते पाण्यात. रेवदंड्याला पाण्यात. मला वर एकटीला घास जाईना, पण ते मात्र खालून आरामात विचारत, "पोरी, चटणी आहे का थोडी?" मी वाकून वाढत असे.

बाणकोटला सगळं मागल्यासारखंच झालं. कोट, टोपी, गूळपाण्याला नकार, सासूबाईंचा उसासा. सुमन होडीत चढली आणि झोपायला न जाता बसून राहिली. बापू चढलेच नाहीत. तसेच पाण्यात उभे राहिले, कोटाच्या आतल्या खिशातून रुमाल काढला, डोक्यावर धरून गाठ सोडली आणि वर तिच्या ओच्यात टाकला.

"मोज."

"बापू, राहू द्या ना."

"मोज गं."

तिने मोजले. नोटा, नाणी, वेगवेगळ्या गावची, काही कोकमाच्या रसाने लाल झालेली. मधेच डोळे पुसले, विसरली, पहिल्यापासून मोजले. होडी हलत होती. लक्ष्मण दुसरीकडे तोंड करून बसला होता. बापू छातीशी हात घेऊन उभे होते, शाळेत निकाल ऐकायला उभं राहतात तसे.

"फिटले," सुमन म्हणाली. "सगळे फिटले, बापू. एक आणाही राहिला नाही."

बापूंनी होडीच्या काठाला हात घातला. वय झालेलं, ओलं धोतर जड, एका दमात चढता येईना. आम्ही दोघींनी दंडाला धरून त्यांना वर ओढलं. ते दम खात बसले, धोतराचा सोगा पिळला आणि म्हणाले, "पाणी दे गं थोडं."

सुमनने तांब्या भरून दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.